बोलणारा रॉड

७ जानेवारी, रविवार

गेल्या मोसमात मला एक वॉलआय मासा मिळाला. एकच. आज बाहेर हाडं गोठवणारी थंडी, करायला काही नाही, म्हणून त्याचा खरा खर्च काढला. परवाना, वेंडेलच्या बोटीच्या पेट्रोलातला माझा वाटा, आमिषाच्या मासोळ्या, पाण्यात पडलेला फोन, आणि ओपनर, म्हणजे मोसमाचा पहिला शनिवार, नेमका मदर्स डेच्या आदल्या दिवशी आला म्हणून बायकोला, आर्डिसला, नंतर घालावं लागलेलं हॉटेलातलं जेवण. एकूण चारशे बारा डॉलर. मासा भरला सव्वा पौंड, तोही डोक्यासकट. त्या भावात चांदी तळून खाल्ली असती.

दोष कुणाचा? रॉडचा. वॉलआय हा सभ्य मासा आहे. तो हिसका मारत नाही. येतो, मासोळी ओठात धरतो, आवडली नाही तर ठेवून जातो. दोरीतून वर फक्त एक ‘टिक्’ येते. माझा जुना रॉड म्हणजे काठी. खालची बातमी वर येतच नाही.

माझ्या बोटांचा प्रश्नच नाही. पहिल्या कामाच्या मजुरीतला अर्ध्या डॉलरचं नाणं माझ्या उजव्या खिशात असतं. न बघता, नुसता अंगठा फिरवून सांगतो, छाप की काटा. तीस वर्षं काँक्रीट कापायच्या मशीनवर काढली, एका मशीनची सहा केली, ती काय बोटं नसताना?

आत्ताच पाहिलं. छाप.

संकल्प: नवा रॉड, दोरी गुंडाळायचं नवं रील. एकदाच. विचार करून. परत खर्च नाही.

१४ जानेवारी, रविवार

चर्चमध्ये कॉफीच्या वेळी वेंडेल किविस्तोने विचारलं, ‘मग, ओपनरला येणार ना?’ मी म्हणालो, ‘छे, मला कशाला, जावयाला ने की.’ आमच्याकडे रीतच आहे. पहिल्या बोलावण्याला नको म्हणायचं. दुसऱ्याला उगाच त्रास कशाला म्हणायचं. तिसऱ्याला म्हणायचं, बरं, एवढं म्हणतोयस तर. पहिल्याच फटक्यात हो म्हणणारा माणूस अधाशी. वेंडेलच्या बोटीत दोन खुर्च्या. पुढची माझी, गेली सत्तावीस वर्षं. तरी तीन वेळा विचारल्याशिवाय मी बसत नाही आणि तीन वेळा विचारल्याशिवाय तो नेत नाही.

त्याचा जावई डेरिक तिथेच होता. माझं ‘जावयाला ने’ ऐकून हसला. हसण्यासारखं काय होतं?

२७ जानेवारी, शनिवार

लव्हॉनच्या गळ-दोरीच्या दुकानात गेलो. लव्हॉन शाळेत माझ्या पुढे दोन वर्षं होती, अजूनही तसंच बोलते. म्हणाली, ‘ये. गेल्या वर्षीचा मासा संपला का खाऊन?’

मग कामाचं. वॉलआयसाठी सहा-साडेसहा फुटी, हलका, शेंड्याला चटकन वाकणारा रॉड. रील लहान. दोरी विणलेली, कारण ती ताणत नाही. परीक्षा घ्यायची तिची स्वतःची पद्धत आहे. मी रॉड धरून डोळे मिटायचे, तिने दोरीचं टोक घेऊन दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि बोटाने हळूच टोचायचं. लागलं की मी ‘आता’ म्हणायचं.

दहापैकी नऊ! तिने नायलॉनचं जाकीट घातलं होतं, टोचताना बाही सळसळायची. मला कान आहेत, काय करणार? दहाव्या वेळी तिने जाकीट काढलं. तो प्रयोग मी धरत नाही.

घेतला. रॉड बोलतो.

३ फेब्रुवारी, शनिवार

रॉड बोलत नाही. दोरीचं टोक बाथरूमच्या दाराला बांधून पाहिलं. आर्डिस दार उघडून बाहेर आली तरी मला पत्ता नाही. ती म्हणाली, ‘क्लॅरन्स, एकशे पस्तीस पौंडांचा मासा गेला तुझा.’

आणि मग तिचं नेहमीचं. सकाळी शर्टाची बटणं मी का लावून दिली, परवा गरम कप धरून तू बोलत का राहिलास, तळव्याला फोड आला तो तुला कुणी दाखवला? मी म्हणालो, हिवाळा आहे. हिवाळ्यात सगळ्यांची बोटं पांढरी पडतात. ती म्हणाली, सगळ्यांची नाही, माझी नाही. तिने नसांच्या तपासणीसाठी डॉक्टरची वेळ घेतली आहे. एप्रिलमध्ये. एप्रिल लांब आहे.

छाप-काटा पाहिलं. काटा. स्वच्छ काटा.

१८ फेब्रुवारी, रविवार

दुसरं बोलावणं. पार्किंगमध्ये, गाडीची काच खरवडता खरवडता. वेंडेल म्हणाला, ‘तळ्यावर तू असलास की बरं वाटतं.’ मी म्हणालो, ‘कशाला उगाच माझी अडचण तुला.’ त्याने काच खरवडली. मीही खरवडली. आता फक्त तिसरं राहिलं.

२ मार्च, शनिवार

लव्हॉनला पहिला रॉड परत दिला. तिने कुरकूर न करता घेतला. दुसरा काढला, याच्या दुप्पट किमतीचा, गवताच्या काडीसारखा. या वेळी ती परीक्षेआधीच जाकीट काढून आली, रेडिओही बंद केला. मी डोळे मिटून उभा. बराच वेळ झाला. मी म्हणालो, ‘लव्हॉन, सुरू कर.’ ती म्हणाली, ‘झालं, क्लॅरन्स.’

मग जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘हे रॉड बदलून व्हायचं नाही रे. हात दाखव कुणाला तरी.’

विकणारीच म्हणते विकत घेऊ नकोस. असा दुकानदार मी तीस वर्षांच्या धंद्यात पाहिला नाही. याचा अर्थ एकच. याहून चांगला रॉड तिच्याकडे नाही, आणि हे तिला कबूल करायचं नाही.

घरी येऊन कॅटलॉग चाळला. पानांवर लाल ठिपके. छपाई खराब असेल म्हणून पुढे गेलो. आर्डिस ओरडली. माझंच बोट, कागदाने कापलं होतं.

१५ मार्च, शुक्रवार

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये शुक्रवारची तळलेली मासळी. माझी पाठ वेंडेलच्या टेबलाकडे, पण कान माझे मागेही चालतात. धंदा त्याच कानांवर उभा केला.

डेरिक म्हणत होता, ‘बाबा, मी गेल्या वर्षी शेजारच्या बोटीतून बघत होतो. त्याच्या रॉडचा शेंडा नाचत होता आणि तो तुम्हाला हवामान सांगत होता. त्याला कळतच नाही.’

वेंडेलचा चमचा ताटात वाजला. मग म्हणाला, ‘रॉड जुना आहे त्याचा.’

ऐकलं? वेंडेल किविस्तो, ज्याच्या गळाला वॉलआय आपणहून येतात, तो स्वतः म्हणतो की दोष रॉडचा. आता पैशाकडे बघायचं नाही.

१ एप्रिल, सोमवार

तिसरं बोलावणं अजून नाही. काल ईस्टरला भेटला. हॅम कसा झाला होता, पोटॅटो सॅलडमध्ये मोहरी जास्त झाली का, बर्फ कधी सुटेल, सगळं बोलला. मी विषय तळ्याच्या दोन हात अंतरावर आणून ठेवला. त्याने सॅलड वाढून घेतलं. आपणहून विचारणं शक्य नाही. ते दुसऱ्याच्या ताटातलं उचलण्यासारखं आहे.

हरकत नाही. नवा रॉड बघितला की तोच म्हणेल.

९ एप्रिल, मंगळवार

आज नसांची तपासणी होती. नेमका आजच रॉड कुरिअरने यायचा, सहीला घरी कुणीतरी हवं. वेळ पुढे ढकलली. आर्डिस म्हणाली सही मी केली असती. पण ज्याचा रॉड त्याने सही करावी. पेन दोनदा पडलं. कुरिअरवाले हल्ली पेनंही निसरडी देतात.

रॉड काय आहे! पाच नाण्यांएवढं वजन. रील तर हातात आहे की नाही कळतच नाही. जाहिरातीत लिहिलंय, माशाचा श्वासही ऐकू येईल. किंमत आर्डिसला नव्या डिशवॉशरच्या हिशेबात सांगितली. ती म्हणाली, ‘मासा लागेना, रॉड वाकडा.’ आणि भांडी घासायला गेली. हाताने.

छाप.

२० एप्रिल, शनिवार

तळ्यावरचा बर्फ सुटला. दुपारी वेंडेलची गाडी आमच्या दारात. तो उतरला नाही, मी बाहेर गेलो. अर्धा तास वाऱ्याच्या गप्पा, मग अर्धा तास गाडीच्या टायरच्या. इंजिन चालूच. शेवटी काच वर करता करता समोर बघत म्हणाला, ‘तर मग? शनिवार, अकरा तारीख.’

मी म्हणालो, ‘बरं, एवढं म्हणतोयस तर.’

आर्डिसला सांगितलं, पाहिलंस? ती म्हणाली, पाहिलं. तो तासभर गाडीत बसून हिंमत गोळा करत होता. बायकांना बोटीतलं काही कळत नाही.

५ मे, रविवार

गाठ बांधायची तालीम. दोरी सदोष निघाली, फारच बारीक आहे, बोटात राहतच नाही. आर्डिसने सहा गळ बांधून दिले. तिच्या गाठी सुटणार नाहीत. मी तिला म्हणालो, या रॉडने मी सहा मासे आणतो, मदर्स डेचं जेवण माझ्याकडून. ती म्हणाली, आधी डॉक्टरकडे जाऊन ये, तेच माझं जेवण.

११ मे, शनिवार. ओपनर

दुपारी चार. नुकताच घरी आलो. नीट लिहून ठेवतो.

पहाटे तळ्यावर वारा. वेंडेलकडे तोच जुना रॉड, मुठीला हॉकीची टेप गुंडाळलेला. माझ्या रॉडकडे बघून म्हणाला, ‘देखणा आहे.’ आमच्याकडे याहून जास्त स्तुती कुणी करत नाही.

आठपर्यंत त्याला चार. माझा गळ दर वेळी वर आला तो रिकामा. मासोळी गायब. मी म्हणालो, आज मासोळ्या नाजूक दिसतात. तो माझ्या गळाला नवी लावून द्यायचा. मग मी म्हणालो रील फार गुळगुळीत आहे. मग म्हणालो वारा. एकदा तो हळूच म्हणाला, ‘शेंडा बघ.’ मी म्हणालो गवत आहे. गळ वर आला तेव्हा मासोळी अर्धीच होती. गवताने खाल्लेली.

नंतर वेंडेल मधल्या फळीवर सरकून माझ्या शेजारी बसला. दोरीला चरे पडलेत का बघतो म्हणाला, आणि माझ्या रॉडपुढची दोरी आपल्या दोन बोटांत धरून ठेवली. चरे बघायला एवढा वेळ लागत नाही. त्याची स्वतःची दोरी पाण्याबाहेर होती. आम्ही तसेच बसलो. तो तळ्याकडे बघत होता, मीही.

मग तो म्हणाला, ‘आता.’

मी ओढला. सतरा इंची वॉलआय! सोनेरी, डोळे काचेच्या गोटीसारखे. वेंडेलने जाळीत घेतला. मी म्हणालो, बघ, रॉड बोलला. तो म्हणाला, ‘बोलला.’

एकंदर एकच मासा. पण एक गोष्ट सिद्ध झाली.

परतल्यावर बोट ट्रेलरला लावताना, पट्टा आवळता आवळता, वेंडेल दर वर्षी पुढच्या वर्षीचं पहिलं बोलावणं देतो. मी ‘छे, मला कशाला’ तयार ठेवलं होतं. त्याने पट्टा आवळला. पुन्हा आवळला. मग माझा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ, आणि म्हणाला, आर्डिसला उद्याच्या शुभेच्छा सांग.

थकला असेल. वय झालं त्याचं. जानेवारीत विचारेल.

१२ मे, रविवार. मदर्स डे

आर्डिसला मासा तळून दिला. उलटताना तेल उडालं म्हणे. मला काही झालं नाही.

जेवणानंतर ती माझी पँट धुवायला घेऊन गेली आणि खिसा चाचपून परत आली. म्हणाली, तुझा अर्धा डॉलर नाताळात मी काढून खिडकीतल्या बशीत ठेवलाय, तेव्हाच सांगितलं होतं. मी बशीत पाहिलं. आहे.

तिने तळहात पुढे केला. खिशात होता तो मशीनचा लोखंडी वॉशर. मधल्या भोकातून माझा अंगठा आरपार जातो.