घेऊन ये गे मारबत

६ जुलै १९८६, वाडी, नागपूर

पोचलो एकदाचा! आईने दिलेल्या दशम्या वर्ध्यापर्यंत पुरल्या, पुढे स्टेशनवरच्या चहावर भागवलं. खोली अमरावती रोडला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आहे. खिडकीतून ट्रक आणि ताडपत्र्या दिसतात. सांगलीच्या माणसाला घाट, नदी, देऊळ काहीतरी लागतं. पण मी इथे देखावा बघायला आलेलो नाही. घरमालकीण कांताबाई तोंडाने फटकळ, हाताने सढळ. ट्रंक उतरवायच्या आधीच म्हणाल्या, "आंगावर मास नाही गा तुह्या, बस जेवाले!" वांग्याच्या भाजीवर बोटभर तर्री होती. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दोनदा वाढून घेतली.

उद्यापासून सदरमध्ये मधुकररावांच्या छापखान्यात चित्रकार म्हणून रुजू होणार. तिथे सापशिडीचे पट, पत्ते, कॅलेंडरं छापतात. त्यांच्या पुतण्याने अमेरिकेतून एक अजब खेळ आणलाय. त्यात पट नाही. एकाने एक कल्पित राज्य सांगायचं, बाकीच्यांनी त्यातला राजा, चेटकी, चोर व्हायचं आणि फासे टाकत ते राज्य जगायचं. मधुकररावांना तसा खेळ मराठीत काढायचाय. त्यासाठी आम्हा दोन हंगामी चित्रकारांत स्पर्धा आहे. ज्याचं राज्य निवडलं जाईल तो नोकरीत कायम, आणि डब्यावर त्याचं नाव. दुसऱ्याने गाशा गुंडाळायचा. दुसऱ्याचं नाव मुकुंद आहे म्हणे. बिचारा.

१२ जुलै

मुकुंद माझ्या शेजारच्याच खोलीत राहतो. डावा पाय लहानपणापासून बारीक, ओढत चालतो. भिंतीपलीकडून त्याचा खोकला सतत ऐकू येतो. स्वभावाने इतका गरीब की त्याच्याशी वैर धरायलाही लाज वाटावी.

आज दोघांनी आपापलं राज्य सांगितलं. मी मेघगड सांगितला: ढगातला किल्ला, उडते घोडे, स्फटिकाची राजकन्या. मधुकररावांनी जांभई दाबली, ती मी पाहिली.

मग मुकुंद. त्याचं राज्य म्हणजे एक साधं गाव. पण तिथे मारबत आहे. मला ही भानगड ठाऊक नव्हती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात बांबू-कागदाची भलीमोठी बाई करून मिरवतात, 'ईडा पिडा, खोकला, रोगराई घेऊन जा गे मारबत!' असं ओरडतात आणि गावाबाहेर नेऊन जाळतात. मुकुंदच्या राज्यात ही मारबत जिवंत आहे. प्रत्येक खेळाडूने आपलं एक दुःख तिच्या पदरात घालायचं आणि तिला वेशीपर्यंत सुखरूप न्यायचं. वाटेत चोर ती दुःखं पळवायला बसलेले असतात. दुःख कोण पळवील, असं पुतण्याने विचारलं. त्यावर मुकुंद म्हणाला की ज्याला दुसऱ्याचं सगळंच हवं असतं तो.

सगळ्यांचा चहा गार झाला. मला आधी टाळी वाजवावीशी वाटली, आणि मग त्याचा गळा धरावासा वाटला. सांगलीच्या आर्ट स्कूलात मी पहिला आलो होतो. याने ब्रश धरायलासुद्धा कुणाकडून शिकलेलं नाही.

२० जुलै

मेघगड फाडून टाकला. ढगातला किल्ला! कुणाला हवाय?

मुकुंदकडे बसून बांबूच्या कामट्या वाकवायला शिकलो. शिकवताना तो बोलत होता. त्याची धाकटी बहीण उत्तरा विहिरीत पडून गेली. दर वर्षी तो मारबतीला एवढंच सांगतो की ते दुःख ने, आणि ते काही जात नाही. ऐकताना मी मान हलवत होतो, पण लक्ष त्याच्या बोटांकडे होतं. कामटी त्याच्या हातात आपणहून वळते. हे देवाने याला द्यावं आणि मला नाही?

मी हातभर मारबत केली. पिवळा कागद, काळे डोळे. चांगली झाली.

२६ जुलै

आज माझं नवं राज्य सांगितलं. त्यात मारबत आहेच, पण उलटी. माझ्या राज्यात तिला जाळत नाहीत. राजा तिला घरात ठेवतो आणि शत्रूच्या घरी धाडतो. 'घेऊन ये गे मारबत!' म्हणायचं, शत्रूजवळ असेल ते ती आणून देते.

मी त्याची कल्पना चोरली असं मुकुंद म्हणेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "मारबत का माह्या एकट्याची हाय?" या मोठेपणाने माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खेळायला बसलो तेव्हा मी राजा होतो. मारबत हातात धरून सगळ्यांसमोर म्हणालो, मुकुंदजवळ जे आहे ते घेऊन ये. सगळे हसले. मी खेळ म्हणून म्हटलं नव्हतं.

मूर्ती घरी आणून फळीवर ठेवली. कांताबाई झाडू टाकून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "काहून घरात आणली बापा? ते जायासाठी असते. गावाबाहेर नेऊन जाळ." मी म्हटलं, निकाल लागू द्या, मग बघू.

१ ऑगस्ट

घसा धरलाय. इथलं पाणी मानवत नसावं.

५ ऑगस्ट

खोकल्याने बरगड्या दुखतात. कांताबाई काढा देतात, उपयोग शून्य. भिंतीपलीकडे मात्र चिडीचूप. मुकुंद आज शीळ घालत कामाला गेला. विचारलं तर म्हणाला, खोकला आपोआपच गेला, मोकळं वाटून राहिलं.

त्याच्या गावाची चित्रं पाहिली. पहिल्यापेक्षा सरस. माझ्या हाताला अजून ते वळण येत नाही. म्हणजे मारबतीने ते आणलं नाही. वेडगळ विचार, पण आज फळीसमोर उभा राहून पुन्हा म्हणालो. नीट म्हणालो. त्याचं सगळं घेऊन ये.

११ ऑगस्ट

डावा पाय उचलत नाही. डॉक्टर म्हणतात, शीर आखडली असेल.

मुकुंद आज जिना चढला. सरळ, एकामागून एक पायरी. वर येऊन लहान पोरासारखा रडला. त्याने मला मिठी मारली. मीही हसलो, आणि आतून जळून खाक झालो. माझा पाय घेऊन हा नाचतोय.

१६ ऑगस्ट

निकाल लागला. मुकुंद.

मधुकरराव म्हणाले, माझं राज्य हुशारीचं आहे, पण त्यात कुणाला राहावंसं वाटणार नाही. महिनाअखेर हिशेब. मुकुंदने पेढे आणले. माझ्या हातावर ठेवताना त्याला खरंच वाईट वाटत होतं. ते वाईट वाटणंसुद्धा थोड्या वेळाने त्याच्या चेहऱ्यावरून गेलं, आणि मला ते छातीत आल्यासारखं वाटलं.

१९ ऑगस्ट

जेवताना रडू फुटलं. उत्तराची आठवण आली. विहिरीच्या काठावरची तिची चप्पल, तिची ओली वेणी.

मला बहीण नाही. मी एकुलता एक आहे.

२० ऑगस्ट

आता कळलं. मूर्खा, तिला दुसरं काही उचलताच येत नाही! हात, बुद्धी, नाव यांतलं काही ती आणत नाही. ती फक्त पीडा वाहते. मी म्हटलं सगळं आण, तिने आणलं. त्याच्याजवळ राहिलं ते सगळं चांगलं.

अंगणात नेऊन तिला जाळलं. कागद पेटला आणि माझ्या तळहातांवर फोड आले. हात आगीजवळ नव्हते.

२४ ऑगस्ट

कांताबाईंचा गुडघा बरा झाला. माझा — दोन्ही —

शेजारची बाई दारात येऊन उभी राहते, काही मागत नाही. तिच्या डोक्याची कळ थांबली म्हणे. आज ती कडेवरचं तापलेलं मूल घेऊन आली. मी म्हटलं, नको, आणू नका. पोर हसलं. मला हुडहुडी —

२८ ऑगस्ट

सांगलीला जायचं म्हणून पाय ओढत नाक्यापर्यंत गेलो. वाटेत ज्याच्या ज्याच्याजवळून गेलो त्याचं काहीतरी — एका ड्रायव्हरची पाठ. एका म्हातारीचा दमा. परत फिरलो. आईजवळ कसा जाऊ? आईजवळ जायचं नाही, असं नाही. तिचं सगळं घ्यायला आवडेल. पण वाटेतल्या सगळ्यांचं घेत तिथवर पोचणार नाही.

२ सप्टेंबर

कातडी पिवळी. बोटाने दाबली की कागदासारखी वाजते.

मुकुंद रोज येतो. पाणी पाजतो. अजून त्याचा हेवा वाटतो, हे लिहिताना लाज वाटत नाही. तेवढं एकच माझं स्वतःचं उरलंय. ते कुणी घेऊन जात नाही.

पोळा

खाली बैलांच्या घुंगरांचा आवाज. कांताबाईंनी पुरणपोळी दारात ठेवली आणि लांबूनच हात जोडले.

मले भूक नाही. मले — मला. मला भूक नाही.

मारबत

ढोल. गल्ली माणसांनी भरून गेली. मिरवणूक तर इतवारीत असते, तिकडे काहून नाही गेले हे? इथे काहून —

जिन्यावर पाय वाजून राहिले. पुढे मुकुंद. त्याचं पाऊल ओळखतो मी, ते माझं आहे.

दार उघडलं. त्यांच्या हातात पिवळा कागद, कामट्या. रागावलेलं कुणीच नाही. कांताबाई पदराने डोळे पुसून राहिल्या. शेजारचं पोर टाळ्या वाजवते. मुकुंद माझ्याजवळ बसला, हात धरला. त्याला विचारलं, वेशीपर्यंत सुखरूप नेशील ना. तो हो म्हणाला. त्याच्या खिशात काडेपेटी —

सगळे एका सुरात, मारबतीच्या जागी माझं नाव घेऊन —

ईडा पिडा, खोकला, रोगराई, घेऊन जा गा, अनं