मुलुंडची जागा

१० जाने. ५४, रवि.
मुलुंडला सोसायटीची जागा पाहून आलो. दोन खोल्या, मोरी आत, मागे डोंगर. भिंती अजून ओल्या, चुन्याचा वास. सु. खिडकीशी जाऊन उभी राहिली ती हलेचना. परळला गिरणीची काजळी खात बायकोला ठेवू नका, असं डॉ.नी स्पष्टच सांगितलंय. टी.बी. गेला, पण मोकळी हवा हवीच. आईला विचारलं, कशी वाटली जागा? म्हणाली, बाजार लांब आहे.

१४ जाने., गुरु.
संक्रांत. सोसायटीचा रिवाज आज कळला. सभासद करून घेण्याआधी चेअरमन बायकोला घेऊन घरी चहाला येतात, माणसं बघतात. मुलगी बघायला येतात तसं. रविवारी येणार. आईला बजावलं, दुखण्याचा शब्द काढायचा नाही. औषधाच्या बाटल्या शेजारच्या काकूंकडे ठेवल्या. सु. म्हणाली, बरी झालेय ना मी, मग लपवायचं कशाला? खेकसलो तिच्यावर. उगाच.

१७ जाने., रवि.
आले. पोहे झाले, चेअरमनना गाव कोकणातलं ऐकून बरं वाटलं. सगळं जमत आलं होतं. मग आईनं चहा आणला. सगळ्यांना कपबशा, आणि सु.ला तिचा तो एनॅमलचा पेला, वेगळा, जरा लांब ठेवून. दोन वर्षांची हाताची सवय. आईच्या लक्षातही आलं नाही. चेअरमनबाईंच्या आलं. त्यांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला.
कोणी विचारायच्या आत सु.च म्हणाली, "मला टी.बी. झाला होता. आता काही नाही."
ते गेल्यावर आई रडत बसली. दोन वर्षं सु.चं सगळं तिनंच केलं. तिला काय बोलणार?

२२ जाने., शुक्र.
चेअरमन ऑफिसात येऊन भेटले. माणूस वाईट नाही, तेच अवघड. म्हणाले, "तुम्ही आणि आई खुशाल या. मिसेसना वर्षभर माहेरी ठेवा. लोकांची लहान मुलं आहेत हो." नाहीतर जागा दुसऱ्याला. सोमवारपर्यंत सांगायचं.
जिच्यासाठी घर, तिलाच...

२४ जाने., रवि.
शेवटी सु.ला सांगितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "घ्या तुम्ही. मी जाईन संगमेश्वरला. अशी जागा परत मिळायची नाही." तिथे वहिनीला ती नकोशी आहे, हे तिलाही माहीत, मलाही. आणि वर्षाची दोन वर्षं होणार नाहीत हे कोणी सांगावं?
आई म्हणते घे. सु. म्हणते घ्या. नको म्हणणारा उरलो मी एकटा, आणि जागा सगळ्यांत जास्त मलाच हवी आहे. सु. नसली तरी. हे कळल्यापासून तिच्याकडे बघवत नाही. उद्या सोमवार.