एका दिवसात तेवीस डुलक्या

तीर्थस्वरूप मामा,

तुम्हाला आणि मामींना वाकून नमस्कार, तुमच्या गुडघ्यांना वेगळा. पत्रच लिहितोय, कारण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि ऐकू येत नाही हे तुम्हाला पटत नाही. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांची कंपाउंडची भिंत तुमच्या गाडीवर आली हे वाचून फार वाईट वाटलं. (भिंतींना हल्ली शिस्तच राहिलेली नाही.) हाताचं प्लास्टर निघालं का? निघालं असेल तर हात शेकत जा, आणि अधूनमधून मामींचं ऐकत जा.

तुम्ही विचारलंय की दादा तुमच्यासाठी नवी गाडी घेतोय, तिच्यात आपणहून ब्रेक मारणारी, आपणहून रेघेत ठेवणारी, ड्रायव्हरवर नजर ठेवणारी यंत्रं आहेत, तर चोवीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या भाच्याचं मत काय? मामा, आठवडा अगदी योग्य निवडलात. गेल्या आठवड्यात विचारलं असतंत, तर पत्राऐवजी मीच बॅग घेऊन तुमच्या दारात उभा राहिलो असतो. नोकरी जाता जाता राहिली. आता जीव भांड्यात पडलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या बाईंनी (दातांच्या डॉक्टर, अकरा वर्षं मीच त्यांना दवाखान्यात नेतो-आणतो) दोन महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली. तिच्या स्टिअरिंगमागे बोटाच्या पेराएवढा कॅमेरा आहे. तो रस्ता बघत नाही, मला बघतो. माझे डोळे मिटायला लागले की गाडी बायकी आवाजात बोलते की तुम्हाला झोप येत आहे, कृपया विश्रांती घ्या. आता आपले डोळे कसे आहेत हे तुम्हाला काय सांगायचं, ते तुमच्याकडूनच आलेत. शटर अर्धं ओढलेल्या दुकानासारखे. आत दुकान चालू असतं, पण गिऱ्हाइकाला वाटतं बंद झालं. तुमच्या लग्नाच्या फोटोत तुम्ही गाढ झोपलेले दिसता, आणि ट्रक चालवताना पोलिसांनी तुम्हाला खाली उतरवून किती वेळा तोंडाचा वास घेतला ते तुम्हीच रंगवून सांगायचात. पण पोलिसाला निदान वास घेऊन खात्री तरी करता यायची. या गाडीला नाक नाही.

नुसती बोलली असती तरी सोसलं असतं. पण ती रोज संध्याकाळी बाईंच्या मिस्टरांच्या, म्हणजे साहेबांच्या फोनवर चहाडी करते. सोमवारी ड्रायव्हर अठरा वेळा पेंगला. मंगळवारी तेवीस वेळा. साहेबांनी मला बोलावून फोन समोर धरला आणि शांतपणे सांगितलं की यंत्र खोटं बोलत नाही, महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर दुसरा माणूस. मामा, माझ्या पायांखालची जमीनच सरकली. ड्रायव्हरला उद्धट म्हणा, उशिरा येणारा म्हणा, खपून जातं. झोपाळू म्हटलं की संपलंच. असल्या माणसाला कोण गाडीची किल्ली देईल?

दवाखान्याच्या इमारतीखाली आम्ही पाच-सहा ड्रायव्हर गाड्या लावून बसतो. तिथे हा विषय मांडला तर प्रत्येकाची तक्रार निराळी. बँकेच्या मॅनेजरचा ड्रायव्हर म्हणाला, त्याची गाडी वाऱ्यावर उडणाऱ्या पिशवीलाही घाबरून ब्रेक मारते. शाळेची व्हॅन चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, खड्डा चुकवायला रेघ ओलांडली की स्टिअरिंग हातातून ओढून परत खड्ड्यात नेतं. मागचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला मात्र कुणीही नावं ठेवली नाहीत (सगळ्यांच्याच माना आखडल्यात). माझ्यावर उपाय सगळ्यांनी सुचवले. काळा चष्मा लावला, तर गाडी म्हणाली चेहरा दिसत नाही. दोन दिवस डोळे फाडून गाडी चालवली, तर बाईंनी मागून हळूच विचारलं की घरी सगळं बरं आहे ना. शेवटी दवाखान्यातली चिकटपट्टी पापण्यांना लावून पाहिली. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या आजोबांनी हात जोडले, तेव्हा काढून टाकली.

मग आला रविवार. साहेब म्हणाले, मी चालवतो, जागा माणूस चालवत असला की गाडी कशी गप्प बसते ते बघ. मला शेजारी बसवलं. मागे बाई आणि साहेबांच्या आई. (आजींची कवळी बाईंनीच बनवलेली, त्यामुळे ती सैल आहे असं घरात कुणीच म्हणत नाही.) पहिली दहा मिनिटं गाडी खरंच गप्प. साहेब वळून माझ्याकडे विजयाने बघायचे. तेवढ्यात गाडी म्हणाली, लक्ष समोर ठेवा. साहेब समोर बघायचे, न राहवून पुन्हा वळायचे, की पुन्हा लक्ष समोर ठेवा. चौथ्यांदा त्यांनी गाडीशीच भांडण काढलं, आणि त्याच वेळी रस्त्यात एक रिकामं खोकं आलं. साहेबांनी नाही पाहिलं, गाडीने पाहिलं. असा ब्रेक मारला म्हणता! आम्ही सगळे पट्ट्यात अडकून राहिलो, पण कवळीला पट्टा नव्हता. ती दोन सीटांमधून उडाली आणि थेट माझ्या मांडीवर येऊन बसली, हसत.

मग आजी त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या, "हा अकरा वर्षं डोळे मिटून चालवतोय, माझा एक दात हलला नाही. तू डोळे उघडून चालवलंस आणि सगळे गेले!" बाई इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं, मग साहेबही. ती नजर ठेवणारी भानगड बाईंनी तिथेच बंद करायला लावली, आणि साहेबांनी किल्ली माझ्या हातात दिली. मामा, खरं सांगतो, घरी येऊन मी ढसाढसा रडलो. तेव्हा माझं मत विचाराल तर दादाला सांगा, असली गाडी नको. माणसाचे डोळे माणसालाच कळतात.

तुमचा भाचा

ता. क. : मामा, पत्र लिहून चार दिवस टाकलंच नाही. तेवीसपैकी बावीस खोट्या. तेविसावी खरी होती. मंगळवारी दुपारी, बाई मागे कागद चाळत असताना, मोठ्या रस्त्यावर. दोनच सेकंद. गाडी ओरडली म्हणून जाग आली, तेव्हा पुढचा टेम्पो हातभर राहिला होता. सगळ्यांनी यंत्राला खोटं ठरवलं, तेव्हा मीही मान डोलावली. तीन रात्री झोप लागली नाही. काल बाईंना सगळं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, चालू कर ते परत. केलंय. रिपोर्ट आता बाईंकडे जातो. दिवसभर माझ्यावर खोटे आरोप होतात आणि मी ऐकून घेतो. भिंत चालत आली नव्हती, मामा. गाडी घ्या, पण ओरडणारीच घ्या.

ता. क. २ : वरचं मामींना वाचून दाखवू नका. (मामी, पत्र आधी तुम्हीच फोडता हे मला ठाऊक आहे. म्हणून तर लिहिलं.)