किल्ली फिरवण्याआधीचा खोकला

आदरणीय मर्विनराव यांस,

तुमचं न ऐकता तुमच्या बहिणीने, ग्लेंडाने, ज्याच्याशी लग्न केलं, त्या लोवेलचा ओहायोहून नमस्कार. इकडे सगळं ठीक. ग्लेंडाचा गुडघा बरा आहे, मका कापून झाला, भोपळे यंदा बेताचेच. तुमचा खोकला कसा आहे? ईस्टरला तुमच्या अंगणात ऐकला तेव्हापासून जिवाला घोर लागून राहिला आहे. अंगावर काढू नका.

आता माझं ऐका. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी आइस्क्रीमच्या दुकानापुढे जुन्या गाड्या लागतात. बॉनेट उघडी टाकायची, समोर घडीच्या खुर्च्या मांडायच्या आणि दुसऱ्याच्या इंजिनाला नावं ठेवायची. तिथे कार्ब्युरेटर काढून पेट्रोलचं इंजेक्शन बसवणाऱ्यांची सर्वांत जास्त टर कोणी उडवली असेल तर ती मी. ज्याला स्क्रू पिळून, कान देऊन कार्ब्युरेटर लावता येत नाही आणि त्यासाठी कॉम्प्युटर लागतो, त्याने गाडी विकून गोल्फ खेळावा, हे वाक्य माझंच. (मला स्वतःला कार्ब्युरेटर आयुष्यात कधी धड लावता आला नाही. हे कंसात लिहिलंय, तेव्हा मनातल्या मनात वाचा.) माझी गाडी थंडीत सुरू व्हायची नाही, आणि झाली तर कपड्यांना पेट्रोलचा असा वास मारायचा की चर्चमध्ये आमच्या बाकावर आमच्याशिवाय कोणी बसेना. शेवटी तुमची बहीण म्हणाली, “एक तर ती गाडी सुधार, नाहीतर गॅरेजमध्येच पथारी टाक.”

मे महिन्यात मी लांबच्या गावी जाऊन गुपचूप इंजेक्शन बसवून आलो. वर हवेच्या फिल्टरचं जुनंच गोल झाकण ठेवलं, त्यामुळे बॉनेट उघडलं तरी कोणाच्या बापाला कळत नाही. अडचण एकच. किल्ली अर्धी फिरवली की टाकीतला विजेचा पंप क्षणभर कुईं करतो, आणि कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी काही कुईं करत नाही. म्हणून तेवढा वेळ मी खोकतो. मग कार्ब्युरेटरवाल्या गाडीला सुरू करण्याआधी लागतं तसं दोनदा पेडल दाबायचं, तोंडातल्या तोंडात शिवी हासडायची आणि किल्ली पूर्ण फिरवायची. पाद्रीबाबांनी माझ्या फुप्फुसांसाठी दोन रविवार प्रार्थना केली. ग्लेंडाने छातीचा फोटो काढायला लावला. तो स्वच्छ आला, तर डॉक्टर म्हणाला की मनाचं असेल.

पण खरी पंचाईत पुढेच झाली. ऑक्टोबरच्या गारठ्यात सगळ्यांच्या गाड्या कुंथत असताना माझी पहिल्या फटक्यात सुरू होते, हे लोकांच्या डोळ्यांवर आलं. “लोवेल, तुझ्या हाताला गुण आहे बाबा,” असं जो तो म्हणायला लागला. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू. अशात ऑरिन आला. त्याची बायको गेली ते तुम्हाला ठाऊक आहेच. ज्या लाल गाडीतून त्याने तिला लग्न करून घरी आणलं, त्याच गाडीतून लेकीला, टेसाला, या शनिवारी तिच्या लग्नाला चर्चमध्ये न्यायचं म्हणतो. “सकाळी जरा कुरकुरते रे, कान लावून बघ,” एवढंच म्हणाला. चारचौघं बघत होते. मी डोळे मिटले, मान डोलावली आणि स्क्रू पिळला. गाडी आधी नुसती कुरकुरत होती. मी हात लावल्यावर बार काढायला लागली, आणि दुसरा स्क्रू पिळल्यावर गप्पच झाली.

तरी ऑरिन शांत. म्हणाला, “तू आहेस ना, मग झालं.” आणि माझ्यादेखत त्याने ठरवलेली दुसरी गाडी फोन करून रद्द केली. मर्विनराव, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझी अब्रू गेली खड्ड्यात, पण ती पोरगी चर्चच्या दारात आईच्या गाडीतून उतरायला हवी. आपल्या गोतावळ्यात कार्ब्युरेटर जाणणारे तुम्ही एकटेच. तेव्हा पत्र मिळताच निघा. ग्लेंडा ॲपल पाय भाजते आहे.

तुमचा,
लोवेल

ता. क. : तुमचे छोटे स्क्रू-ड्रायव्हर घेऊन या. माझे मी रागाने तळ्यात टाकले.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा फोडलं. ईस्टरला तुम्ही खोकलात ते गाडीत बसून, किल्ली पूर्ण फिरवायच्या ऐन आधी. एरवी दिवसभरात एकदाही नाही. आणि पेडल दाबलंत ते गाडी सुरू झाल्यावर. मी आपला तुमच्या छातीची काळजी करत बसलो. बहिणीला मी काही बोलणार नाही. फक्त तसं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर राहू द्या, तुमच्या माणसाकडून इंजेक्शनचा एक सेट घेऊन या. गोल झाकण ऑरिनचंच वापरू. बाकीचं मी बघतो, शुक्रवारी संध्याकाळी त्याला खोकायला शिकवतो.