गुण्यावरचा डाग

१२ ऑक्टोबर १९८८, कोलशेत
उद्या ठाण्यास उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन. डॉ. म्हणतात, वाकणे, वाचणे, लिहिणे बंद. लिहिणे अगदीच बंद ठेवणार नाही.
हत्यारांच्या पेटीची चिंता होती. वागळे इस्टेटमधील नोकरी सुटली तरी खंडेनवमीची पूजा कधी चुकविली नाही. कोणास हातही लावू दिला नाही. सूनबाई सौ. सुनंदा हिला सांगितले, "या वर्षी तू मांड. हत्यारे लख्ख हवीत. तेलाचा ओशटपणा हाताला लागता कामा नये."
म्हणाली, "अण्णा, निर्धास्त राहा. माहेरी, मोहन्याला, बाबांच्या पान्ह्यांची पूजा मीच करायचे."

१९ ऑक्टो., नवमी
उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्याने आधीच अंधुक दिसते. पूजा दिसली नाही, झेंडूचा वास आला.
"अण्णा, आरसा झालाय नुसता. तोंड दिसतंय माझं."
"माझे दिसते का ते पट्टी सुटल्यावर पाहीन."
हसली. आमच्या रीतीप्रमाणे हत्यारे दसरा होईपर्यंत पाटावरून हलवावयाची नाहीत.

२१ ऑक्टो.
पट्टी सुटली. ठाण्याहून घरी येताच पाटाशी गेलो. ओल्या फुलांखाली सर्वत्र तांबूस ठिपके. कानशी, छिन्न्या, विजेच्या ड्रिलचा जबडा. आणि गुण्या. काटकोन तपासण्याचा हा गुण्या मी उमेदवारीत स्वतः घासून केला आहे. त्याच्या कडेवर कुंकवाच्या पाण्याचा ओघळ उतरलेला. नखाला खडबडीत लागतो.
बोललो, "तुझ्या बापाच्या घरी असले भंगार चालत असेल."
ती निर्माल्याचे ताट घेऊन उभी होती. तशीच आत गेली.
चि. सुरेश म्हणाला, "अण्णा, लोखंड आहे ते."
"माझ्या आयुष्याचे..."

२३ ऑक्टो.
सुनंदा मोहन्यास माहेरी गेली. पाया पडली. दिवाळीस येशील ना, असे विचारावयाचे होते. "दार ओढून घे," एवढेच म्हणालो.

२७ ऑक्टो.
रॉकेल व पॉलिश पेपर घेऊन बसलो. वाकू नये म्हणून पेटी टेबलावर. कानशी सुधारल्या, ड्रिलही. गुण्याचा डाग निघत नाही. अधिक घासल्यास कड झिजेल व काटकोन राहणार नाही.
पेटीत तिच्या जुन्या साडीचा तुकडा सापडला. सोड्याचा वास. म्हणजे प्रत्येक हत्यार सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे पुसून ठेविले. तेलाचा अंशही राहू दिला नाही.
खाडीच्या हवेत उघडे लोखंड एक रात्र टिकत नाही. म्हणून पूजेपूर्वी मी पातळ तेलाचा हात फिरवितो, कुंकूही तेलातच कालवितो. हे तिला सांगितले नव्हते. सांगितले ते नेमके उलट.

४ नोव्हें.
सुरेश मोहन्यास जाऊन आला.
"काय म्हणाली?"
"काही नाही. तुमच्या डोळ्यात औषध कोण घालतं, विचारत होती."
"तू काय सांगितलेस?"
"स्वतःच घालतात, अर्धं गालावर."
व्याह्यांनी ग्रीसचा डबा पाठविला आहे. निरोप नाही. ते गिरणीत यंत्रांवर होते. त्यांचे पान्हे सदा ग्रीसने माखलेले, त्यांस पूजेचे पाणी काय करणार! टोमणा की मदत, ठरविता येत नाही. डबा उघडला नाही.

९ नोव्हें., लक्ष्मीपूजन
दिवे सुरेशने लावले. उंबऱ्याशी रांगोळी नाही. शेजारच्या कोळीणबाई आत डोकावून म्हणाल्या, "आजोबा, सून कवा येते?" येईल, म्हणालो.
जेवणानंतर डबा उघडला. गुण्यास ग्रीस लावून त्याच साडीच्या तुकड्यात गुंडाळला. पिशवीत ठेवला.
सुरेश म्हणाला, "हा कशाला? फराळ न्या की."
"फराळही घेतो."
"आणि सांगणार काय?"
"हत्यारे कशी ठेवावी ते दाखविणार."
तो हसला नाही.
उद्या पाडवा. सकाळीच निघेन. व्याह्यांनी दार उघडले तर डब्याविषयी बोलता येईल. तिने उघडले तर...