वरच्या पाड्यावरची खोली

आबा, मी पास झाले. सरकारी लेखापरीक्षणाची ती व्यावसायिक परीक्षा, जिच्यापायी मी घरातल्या सगळ्यांना वैताग आणला होता, ती दुसऱ्या खेपेला निघाली. ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी कौतुक केलं आणि लगेच एक जादा काम गळ्यात मारलं. बोलता बोलता तुमचा विषय निघालाच. ग्रामसेवकाची पोरगी ऑडिटर झाली म्हणजे उंदराच्या घरी मांजर जन्मलं, असं कोणीतरी म्हणालं. मीही हसले. घरी आल्यावर मात्र पेढ्याचा डबा तुमच्या फोटोपुढे ठेवला तो सगळ्यात शेवटी.

तळोद्याच्या आपल्या घरातला तो ऑडिटचा दिवस मला अजून दिसतो. आई सकाळपासून भरिताची वांगी भाजते आहे, तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून ऑडिटला आलेल्या साहेबांना वरच्या पाड्यावर घेऊन निघाला आहात. तिथं तुम्ही अंगणवाडीची खोली बांधून घेतली होती, ती दाखवायची होती. जीप जिथं थांबते तिथून पुढची चढण पायी. "साहेब, हळूहळू चढू, मी हात धरतो," असं तुम्ही म्हणालात. "भाऊसाहेब, माझे गुडघे काही सरकारी नाहीत," म्हणत साहेब तिथूनच माघारी फिरले. ही गंमत त्यांनीच आपल्या घरी जेवताना सांगितली, भरीत दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि तुम्हीही हसलात. पुढे त्यांच्या अहवालात आक्षेप आला, काम जागेवर आढळून आले नाही.

तुम्ही खुलासे पाठवत राहिलात. आक्षेप काही मागे घेतला गेला नाही. तुम्ही निवृत्त झालात, मग गेलातही, आणि तो तसाच राहिला. चुलतभावाच्या लग्नात पंगतीत कोणीतरी "खोली खाई गया" असं कुजबुजलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. घरी येऊन मी त्या साहेबांना शिव्या घातल्या, तर तुम्ही मलाच झापलंत. "त्याले शिव्या नको देऊ. इचारनारं कोनी नही ऱ्हायनं ते मानूस सोताले बी इचारनं सोडी देस." विचारणारा हवाच, म्हणे; मला तेव्हा तुमचाच राग आला. लोक चोर म्हणतात आणि हे त्या माणसाची बाजू घेतात. पक्की नोकरी म्हणून मी या खात्यात आले असं मी सगळ्यांना सांगते, पण खरं कारण ती पंगत आहे.

या परीक्षेच्या अभ्यासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवतात. माणूस भला दिसतो, गोड बोलतो, हा पुरावा नव्हे. परीक्षेत एक प्रश्नही होता, तपासणीच्या कामात स्वतःचा नातेवाईक निघाला तर काय कराल? वरिष्ठांना कळवून बाजूला व्हायचं. मी झटक्यात उत्तर दिलं, आणि मला एवढं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली. बाजूला झाले म्हणजे ती खोली मला कधी बघावीच लागणार नव्हती. आबा, तुम्ही आम्हाला तिथं कधी नेलं नाहीत. लहानपणी हे जाणवलं नाही. अभ्यास करताना ते सलायला लागलं.

म्हणून मागच्या रविवारी गेले. ऑफिसचं काम म्हणून नाही, घरचं म्हणून. तळोद्याहून जीपने पायथ्याशी उतरले आणि चढले. माझेही गुडघे आता बोलतात. वर खोली आहे. पत्रे गंजलेत, ओट्यावर शेळ्या बांधल्यात, आत मक्याची कणसं भरून ठेवलीत. अंगणवाडी आता खाली रस्त्याला गेली आहे. एक म्हातारी बाहेर आली. घरी ती पावरी बोलत असावी, माझ्याशी अडखळत मराठीत बोलली. मी तिला म्हटलं, "आजी, ही खोली कोणत्या भाऊसाहेबांनी बांधली?" ती म्हणाली, "लई भाऊसाहेब आले. कोणता काय माहीत." मला वाटलं होतं, ती तुमचं नाव घेईल. तिने पाणी दिलं.

मग मी पर्समधून टेप काढली. तुम्ही सांगायचात ती मापं मला तोंडपाठ आहेत. एक टोक म्हातारीने धरलं. लांबी बरोबर भरली. मी शेळ्यांशेजारी ओट्यावर बसून रडले आणि तिला वाटलं मला चढण बाधली. "आता दुसरी बाजू?" टेपचं टोक तसंच हातात धरून तिने विचारलं. मी नको म्हटलं. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच लिहू शकले. आबा, रुंदी मी मोजली नाही.