बुटक्या कठड्यांचा पूल

यवतमाळ,
दि. ३ ऑगस्ट २०२५

ती. शंकरभियास,
शाम्याचा राम राम.

इकडे मी आणि वर्षा ठीक आहोत. तू, रुपीभाभी, बबलू आणि त्याची पोरं खुशाल असाल असं धरून चालतो, कारण तू फोन उचलत नाहीस. म्हणून कागद घेतला. आपली गोर बोली मला लिहिता येत नाही, तेव्हा मराठीत लिहितो आहे. एक विनंती आहे. चष्मा लावून हे तू स्वतः वाच, नातीला वाचायला देऊ नकोस. राखी अंगणात बसून मोठ्यानं वाचते आणि सगळा तांडा ऐकतो.

विलायतेचं विचारशील तर वीट आला. मी रिटायर झालो म्हणून पोरानं, कपिलनं, हौसेनं पाठवलं. इंग्लंडातली खेडी दाखवणारी सहल, बारा माणसं, एक छोटी गाडी, आठ दिवस. जन्मभर खेड्यातून बाहेर पडायला धडपडलो आणि म्हातारपणी विमानात बसून पुन्हा खेडंच बघायला गेलो. पायवाटांवर मेंढ्यांच्या लेंड्या, वरून रिपरिप, हॉटेलातल्या गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास. सकाळी ताटात गोड टोमॅटोच्या रश्शातला घेवडा. तो बघूनच मी ताट दूर सारायचो.

त्याहून शिसारी आली ती सोबतच्या माणसांची. एक गृहस्थ चालत्या गाडीत पायाची नखं काढायचे. एकीच्या लोणच्याचं तेल सीटवर सांडलं, तर तिनं त्यावर नकाशा अंथरला आणि खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर जेवायला आमच्या टेबलाशी येऊन बसला, तर दोघी ताटं उचलून पलीकडे गेल्या. परदेशातसुद्धा. मी काय केलं म्हणशील, तर सूप पीत राहिलो.

सांगायला नको असं बरंच आहे, पण पहिल्या संध्याकाळचं सांगावं लागेल. ओळखपरेड चालली होती. साताऱ्याकडच्या एक बाई होत्या, त्यांनी आमचं आडनाव ऐकून विचारलं, "पवार म्हणजे कुठले? आमच्याकडचे का?" मी हसलो. नुसता हसलो, भिया, हो म्हणालो नाही. त्यांनी त्या हसण्याचा सोयीचा अर्थ लावला आणि मी लावू दिला. तेव्हापासून मी 'पवारसाहेब' झालो, मला पुढची खिडकी मिळू लागली. खोलीत गेल्यावर वर्षाला बजावलं की बाहेर आपल्या बोलीत बोलायचं नाही. पुढचे सात दिवस ती कुठल्याच बोलीत फारसं बोलली नाही.

पाचव्या दिवशी एका ओढ्यावर नेलं. गाईड म्हणजे सत्तरीची गोरी बाई, हातात काठी, चिखलात आमच्यापेक्षा सरसर चालणारी. ओढ्यावर जुना दगडी पूल होता, जेमतेम दोन हात रुंद, आणि त्याचे कठडे माझ्या गुडघ्याच्याही खाली. तिनं विचारलं, इतके बुटके कठडे का बांधले असतील, सांगा. नखंवाले म्हणाले, दगड संपले असतील. सगळे हसले.

मला बघताक्षणी कळलं होतं. तुला आठवतं का, मी चौथीत असताना तू मला दाखवलं होतंस? आज्याला त्याच्या बापानं सांगितलेली लदेणीची गोष्ट, बैलांच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोण्या टाकून मीठ वाहायचं ती. मला पटेना, म्हणून तू काळ्या बैलावर ज्वारीची दोन पोती टाकलीस आणि गोठ्याच्या दोन खांबांमधून काढायला गेलास. बैल निघाला, पोतं अडकून फाटलं. बापूनं फोकानं तुला सडकलं आणि तू मार खात खात मला म्हणालास, बघ, बैलाला वाट पायापुरती लागते, गोणीला पोटापुरती.

मी पुढं होऊन गाईडला सांगितलं. जनावराच्या दोन्ही बाजूंनी ओझं लोंबतं, कठडा उंच असला तर घासेल. ती बाई इतकी खूश झाली की तिनं माझा हात धरला. म्हणाली, वीस वर्षांत कुठल्याच प्रवाशानं बरोबर उत्तर दिलं नव्हतं, तुम्हाला कसं ठाऊक? सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, पुस्तकात वाचलं. बांधकाम खात्यात होतो ना.

आणि त्याच घटकेला तुझा फोन वाजला. चेहरा दिसणारा. मी गडबडीत दाबला, तू लिंबाखाली पागोटं बांधून बसलेला, मागं भाभी तिच्या आरशांच्या घागरा-चोळीत, फेट्या-कांचळीत. विचारलंस, "कत छी रे, शाम्या?" कुठं आहेस, एवढंच. साताऱ्याच्या बाईंनी माझ्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि विचारलं, हे कोण?

"शेतावरचा माणूस आहे. आमचा सालदार."

फोन बंद झाला नव्हता. तुझा चेहरा मला दिसत होता. तू रागावलास असंही दिसलं नाही, फक्त पागोट्याला हात लावलास. मग स्क्रीन काळी झाली.

त्या पुलावर मला माझीच किळस आली. लेंड्यांची, घेवड्याची, नखांची आली नव्हती एवढी. पोतं फाटलं त्याचा मार तू खाल्लास, शाळा सोडून वखर तू धरलंस म्हणून मी इंजिनीअर झालो, आणि मी तुला सालदार केलं. एका खिडकीसाठी.

परत आल्यावर वर्षानं तुला फोन केला, तिजेच्या सणाला कधी येऊ विचारायला. तू निरोप दिलास, "सायबाले सांग, सालदाराले सवड नाही." मराठीत दिलास. साठ वर्षांत आपण भाऊ एकमेकांशी मराठीत बोललो नव्हतो. शिवी दिली असतीस तरी चाललं असतं.

तू तांड्याचा नायक आहेस. तिजेच्या टोपल्या तुझ्या दारात बसतील, पोरी गव्हाला पाणी घालतील, आणि मी यवतमाळात बसून ते मोबाइलवर बघायचं का? तू ये म्हटल्याशिवाय मी तांड्याच्या वाटेला लागणार नाही. तेवढी लाज शिल्लक आहे.

वर एक लिहिलंय ते खोडतो. हे पत्र राखीलाच दे. अंगणात नसाब बसव, पंचायतीला सगळ्यांना बोलाव, आणि तिला पहिल्यापासून मोठ्यानं वाचू दे, सालदाराच्या ओळीसकट. तांडा जो दंड ठरवेल तो मी भरीन. पण तो आपल्या बोलीत सांग, भिया.

तुझ्या मारावर शिकलेला,
शाम रामधन पवार
गोर, तुझ्याच तांड्याचा